मावसबहिणीचं लग्न ठरलंय, तिला सांगू की नको?

ताई,
माझं वय ३४. दोन वर्षांपूर्वी गळ्याला गाठ आली, थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर निघाला. मुंबईत ऑपरेशन झालं. रक्ताच्या तपासणीत जनुकातला दोष सापडला. रिपोर्टवर ‘रेट, कोडॉन ६३४, एमईएन २ ए’ असं लिहिलंय. माझी आई ४१व्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी गेली. बीपी एकदम वर गेलं, एवढंच आम्हाला सांगितलं. तिचं डोकं सारखं दुखायचं, बसल्या जागी घाम फुटायचा. पाठीवर एक काळसर चट्टा होता, त्याला इतकी खाज यायची की आम्हाला कंगव्याने खाजवायला लावायची. मावशीलाही तशीच खाज आहे. तिच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. मावशी म्हणते, “अक्षता पडेपर्यंत तोंड उघडू नकोस, लग्न मोडेल.” माझा मुलगा चार वर्षांचा आहे. डॉक्टर त्याची तपासणी करा म्हणतात. सासूबाई म्हणतात, धडधाकट पोराच्या मागे कशाला लागता? नवरा दोघींच्या मध्ये सापडलाय. मला रात्र रात्र झोप नाही. पोराला हे मीच दिलं असेल, हे डोक्यातून जात नाही.
– सातारा जिल्ह्यातली एक वाचक

*

अगं,

आधी मावसबहिणीचं बोलते, कारण तिथे तारीख जवळ आली आहे. तिला सांग. लग्नाआधी सांग. मावशी ‘हो’ म्हणेल म्हणून थांबू नकोस.

आईबद्दल तू लिहिलेल्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एमईएन २ ए म्हणजे ‘रेट’ नावाच्या जनुकातल्या दोषामुळे घराण्यात चालत येणारा आजार. त्यात थायरॉइडच्या जोडीला मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमध्येही गाठ होऊ शकते. तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात, डॉक्टर नुसतं ‘फिओ’ म्हणतात. तुझ्या रिपोर्टवरचा ६३४ हा आकडा म्हणजे त्या जनुकातली दोषाची जागा. तिथला दोष ज्यांच्यात असतो, त्यांच्यातल्या साधारण निम्म्या लोकांना ती आयुष्यात कधी ना कधी होते, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंना होते. ही गाठ रक्तात अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं सोडते. डोकेदुखी, घाम, छातीत धडधड, ही तिची नेहमीची लक्षणं. गाठ आहे हे माहीत नसताना भूल दिली, तर रक्तदाब हाताबाहेर जाऊ शकतो. तुझी आई कशाने गेली हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण तिची ही हकिगत तुझ्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये लिहिलेली असायलाच हवी. अजून सांगितली नसशील तर पुढच्या भेटीत सांग.

आणि तो पाठीवरचा चट्टा. दोन खांद्यांच्या मधोमध, नाहीतर एका बाजूला, वर्षानुवर्षं खाजणारा जाडसर, काळपट पट्टा ६३४च्या काही घराण्यांमध्ये दिसतो. त्याला लायकेन अमायलॉइडोसिस म्हणतात. कधी कधी तो थायरॉइडच्या गाठीच्या कितीतरी आधी येतो. आता घाबरून जाऊ नकोस. आपल्याकडे अंग घासायची घासणी रोज जोरात फिरवल्यानेही पाठीवर असेच डाग पडतात, त्यामुळे नुसत्या खाजेवरून मावशीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण ज्या घरात ६३४ सापडलाय, त्या घरातल्या खाजेकडे काणाडोळा करता येणार नाही.

म्हणून मावशीशी बोलताना तिच्या मुलीच्या लग्नापासून सुरुवात करू नकोस, तिच्यापासूनच कर. हा दोष तुझ्या आईकडून आला असेल, आणि लक्षणांवरून तसंच वाटतं, तर मावशीत तो असण्याची शक्यता पन्नास टक्के आहे. मामांचंही तेच. हा दोष पिढी गाळून पुढे जात नाही. ज्याच्यात तो नाही, त्याच्या मुलांना त्याच्याकडून तो मिळत नाही. म्हणजे मावशीने नुसतं रक्त दिलं आणि दोष नाही असं निघालं, तर तिच्या मुलीचा प्रश्न तिथेच मिटला. घराण्यातला नेमका बदल आता माहीत आहे, त्यामुळे सगळी जनुकं धुंडाळायची गरज नाही. तेवढी एक जागा तपासायची. ही तपासणी सोपी आहे, आणि पूर्ण तपासणीपेक्षा खर्चही कमी. मावशी लग्न वाचवायला बघते आहे. तिला सांग, लेकीची काळजी मिटवायचा सगळ्यात जवळचा रस्ता तिच्या स्वतःच्या दंडातून जातो.

तिला आठवडाभराची मुदत दे. तेवढ्यात ती तयार झाली नाही, तर सरळ मावसबहिणीला फोन कर. ती सज्ञान आहे. तिच्या शरीराची माहिती तिच्या आईने अडवून ठेवावी, हे मला मान्य नाही. त्यामागे कितीही माया असली तरी नाही. लग्नानंतर काय होतं ते तूही जाणतेस. वर्ष-दोन वर्षांत दिवस जातात. फिओ असून माहीत नसेल, तर गरोदरपण आणि बाळंतपण आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. तोच आधी सापडला तर धोका खूपच कमी होतो. रक्तातलं किंवा २४ तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, तपासतात. गाठ असेल तर आधी काही दिवस अल्फा-ब्लॉकर गोळ्या देऊन रक्तदाब आवरतात आणि मगच ऑपरेशन करतात. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. धडधड थांबवायला कुणी आधीच बीटा-ब्लॉकर दिलं, तर दाब उलट भडकू शकतो. म्हणून हे काम एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या, देखरेखीखालीच व्हायला हवं.

मुलाकडच्यांना मात्र तू काही सांगू नकोस. तो तिचा अधिकार. माझं मत विचारशील तर तिने होणाऱ्या नवऱ्याला स्वतः सांगावं. पण आधी तिचं तिला कळू दे. आणि दोष निघालाच, तरी तिच्या आई होण्यावर फुली पडत नाही. गर्भधारणेआधी किंवा गरोदरपणात सुरुवातीलाच तपासण्यांचे पर्याय आहेत. जेनेटिक काउन्सेलर ते समजावून सांगतात.

आता तुझ्या लेकाचं. इथे मी डॉक्टरांच्या बाजूने आहे, आणि उशीर नको असं म्हणते.

सासूबाईंना वाटतं, तपासणी म्हणजे पोराला आजार चिकटवणं. त्यांना हे सांग. १९९३ साली संशोधकांनी या आजाराचा रेट जनुकाशी असलेला संबंध शोधून काढला. त्याआधी अशा घरांतल्या सगळ्याच मुलांना वर्षानुवर्षं इंजेक्शन टोचून कॅल्सिटोनिन, म्हणजे या कॅन्सरच्या पेशींतून रक्तात येणारं संप्रेरक, मोजावं लागायचं. ज्यांच्यात काहीच नव्हतं, त्यांनाही. आज एकदा रक्त दिलं की उत्तर मिळतं. तुझ्या मुलात दोष नसण्याचीही शक्यता पन्नास टक्के आहे, आणि तसं निघालं तर या आजारासाठी त्याला पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही.

दोष निघाला तर? अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६३४च्या मुलांची थायरॉइड ग्रंथी पाचव्या वर्षी किंवा त्याआधी काढावी. नेमकी वेळ कॅल्सिटोनिन बघून ठरवतात. म्हणूनच तुझे डॉक्टर घाई करतायत. हा कॅन्सर थायरॉइडमधल्या सी-पेशींत सुरू होतो. त्या पेशी आयोडीन ओढून घेत नाहीत, त्यामुळे थायरॉइडच्या इतर कॅन्सरवर चालणारं रेडिओ-आयोडीन इथे चालत नाही. मान्यता मिळालेली औषधं आहेत, २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेलं सेल्परकॅटिनिब आहे, पण ती पसरलेल्या आजारासाठी. पेशी बिघडण्याआधी ग्रंथी काढणं याला तोड नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा घराण्यांतल्या ५० मुलांची आणि तरुणांची थायरॉइड वेळेआधी काढली होती. किमान पाच वर्षांनी पाहिलं, तर ४४ जणांत आजाराचा मागमूस नव्हता, आणि आठ वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांमध्ये निकाल आणखी चांगला होता.

ऑपरेशन मात्र लहान मुलांच्या थायरॉइडची सवय असलेल्या सर्जनकडेच कर. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी अगदी लगत असतात, आणि चार वर्षांच्या मुलात त्या तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असू शकतात. परळला केईएम आणि टाटा अगदी शेजारी आहेत. एकीकडे एंडोक्रायनॉलॉजीचा मोठा विभाग, दुसरीकडे कॅन्सर जेनेटिक्सचं काम. साताऱ्याहून ते लांब नाही. पुढे त्याला रोज सकाळी अनशापोटी थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागेल, वजन वाढेल तसा डोस बदलेल. आपल्या किती घरांत कुणीतरी ही गोळी घेतंच की. फिओची आणि रक्तातल्या कॅल्शियमची वार्षिक तपासणी अकराव्या वर्षापासून सुरू होते. तोवर त्याला खेळू दे.

तुझ्याबद्दलही थोडं. ऑपरेशन झालं म्हणजे तू मोकळी झालीस असं समजू नकोस. कॅल्सिटोनिन आणि सीईए (कॅन्सरची रक्तातली आणखी एक खूण) ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत मोजत जा. आकडा थोडा वर आणि स्कॅनमध्ये काहीच नाही, असं वर्षानुवर्षं राहू शकतं. तेव्हा डॉक्टर आकड्यापेक्षा तो किती दिवसांत दुप्पट होतो याकडे बघतात. प्रत्येक रिपोर्टनंतर रात्र जागवण्यापेक्षा आकडे एका वहीत तारखेसकट लिहून ठेव आणि वही बरोबर ने. मेटानेफ्रिन आणि कॅल्शियम दरवर्षी. दात काढण्यापासून सिझेरियनपर्यंत काहीही करायचं झालं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी ‘एमईएन २ ए’ सांग, आईची हकिगत सांग.

‘मीच दिलं’ हे जे तू म्हणतेस, त्याचं काय करू? हा दोष तू निवडला नाहीस, तुझ्या आईनेही नाही. मुलगा झाला तेव्हा तुला माहीतही नव्हतं. आईच्या वेळी कुणाला काही ठाऊक नव्हतं. आज तुझ्या हातात रिपोर्ट आहे, आणि त्याच्या पाचव्या वाढदिवसाला अजून अवकाश आहे. नवऱ्याला म्हणावं, दोघींच्या मध्ये उभा राहू नकोस, या आठवड्यात आपण अपॉइंटमेंट घेऊ. सासूबाईंनाही बरोबर घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील, त्यांचे प्रश्न त्यांना विचारू दे. विरोध आहे तो नातवाच्या काळजीपोटीच आहे.

मावसबहिणीशी बोलायला शब्द सुचत नसतील तर एवढं पुरे: “माझ्या रक्तात एक दोष निघालाय, तो आपल्या आजोळकडून आला असावा. तुझ्यात असेल की नाही ते माहीत नाही. मूल होण्याआधी तपासून घे. हा माझा रिपोर्ट, तुझ्या डॉक्टरांना दाखव. तपासायला जाशील तेव्हा मी येते.” फोन ठेवल्याबरोबर रिपोर्टचा फोटो पाठव. त्यावरचा ६३४ आणि त्यापुढची अक्षरं नीट वाचता येतायत ना, ते बघून पाठव. प्रयोगशाळेला तेच लागतं. मग मामांना फोन कर. त्यांची मुलं लहान असतील, तर त्यांनाही थांबायला वेळ नाही.

तुझी,
ताई