रंग नंतर, आधी नंबर

भाऊ, भुसावळच्या भंगारात दिसलेल्या ज्या चाकाचा फोटो तू दाखवलास, ते स्पिटफायरचंच, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या त्या ब्रिटिश लढाऊ विमानाचंच का, हे फोटोवरून छातीठोक कुणी सांगणार नाही. आधी पॉलिश पेपर बाजूला ठेव. ओल्या फडक्यानं हळू पूस अन् धातूवर ठोकलेला नंबर, तपासणीचा शिक्का सापडतो का बघ. तो घासला गेला की किंमतही गेली.

विमानाचा भाव पत्र्यात नसतो, ओळखीत असतो. पी ९३७४ नंबरचं स्पिटफायर १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, वाळूत गडप झालं अन् १९८० मध्ये वर आलं. पुढं दुरुस्त होऊन उडालंही. २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ३१ लाख पौंडांना गेलं. ओळख पक्की, म्हणून.

पत्रा घेताना रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या ओळीवरून बोट फिरव. फुगवटा लागला, पांढरी भुकटी निघाली, तर जोड आतून खाल्लाय. आपली कोरडी हवा पत्र्याला बरी, पण उन्हाळ्यात रबराचा पार निकाल लागतो.

भंगारवाला किलोनं देत असेल तर घे. ‘विमानाचं’ म्हणून भाव चढवला तर सोडून दे. आणि पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरं स्पिटफायर बघून ये. भुसावळहून दिल्लीला गाड्यांची काय कमी!