सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये वाय-फायला फुल रेंज दिसते, तरी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल अडकतो. काय करू?

लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. राउटरच्या दुसऱ्या, 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल (म्हणजे पट्ट्यातले छोटे भाग) तीनच: 1, 6 आणि 11. अपार्टमेंटमधले शेजारपाजारचे सगळे राउटर त्यातच कोंबलेले, शिवाय ब्लूटूथ माउस आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. म्हणून रेंज फुल दिसूनही कॉल अडकतो. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमधून आधी राउटरलाच पिंग करा, म्हणजे त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा (ping आणि पुढे राउटरचा पत्ता टाइप करा; पत्ता बहुधा 192.168.1.1). आकडे मध्येच शंभर मिलिसेकंदांपलीकडे उड्या मारत असतील तर दोष वाय-फायचा. दोन-पाचवर स्थिर असतील तर नेटवाल्याला फोन लावा, उगाच लॅपटॉप फॉरमॅट मारत बसू नका. मात्र 5 गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर दम टाकतं. राउटर दोन खोल्या पलीकडे असेल तर सरळ लॅन केबल ओढा.