वाशी मार्केटमधल्या पेंढ्यापासून पेट्रोल का करत नाहीत?

तुम्ही विचारलंय की आंब्याच्या पेट्यांमधला एवढा पेंढा वाशीच्या फळबाजारात नुसता पडून असतो, तर उत्प्रेरक (रासायनिक क्रिया घडवून आणणारा, पण स्वतः त्यात खर्ची न पडणारा पदार्थ) वापरून त्याचं पेट्रोल-डिझेल का करत नाहीत? करता येतं. मी महाप्याला एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये उत्प्रेरकांच्या चाचण्या घेतो आणि मुरबाडला आमची भातशेती आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तांदूळ काय आणि पेंढा काय, दोन्हीत ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक जोडणीचा. तांदळातल्या स्टार्चची साखळी वळत जाते, म्हणून ती शिजते, पचते. पेंढ्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या सरळ, एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या, त्यात लिग्निनचा, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या चिवट पदार्थाचा लेप. गाईलासुद्धा ते पोटातल्या जिवाणूंच्या जोरावरच पचतं.

तरी साखळी तोडणं एक वेळ जमतं. खरं घोडं अडतं ते ऑक्सिजनपाशी. सेल्युलोजच्या वजनात जवळपास निम्मा ऑक्सिजन असतो; पेट्रोल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. हा ऑक्सिजन पाणी करून काढायचा, तर हायड्रोजन द्यावा लागतो. हिशोब मांडून बघा: १६२ किलो शुद्ध सेल्युलोजला १४ किलो हायड्रोजन दिला आणि कणभरही वाया गेलं नाही, तर ८६ किलो हेक्झेन (पेट्रोलमधला एक घटक) मिळतं आणि ९० किलो पाणी! म्हणजे कागदावरसुद्धा निम्मंच इंधन. शिवाय आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो. तसा हायड्रोजन वापरून केलेल्या इंधनाला हरित म्हणणं मला पटत नाही.

पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, क्षमता दिवसाला १ लाख लिटर. तिथे काम करतात एन्झाइम (साखळी तोडून साखर करणारी जैविक प्रथिनं) आणि ती साखर आंबवणारं यीस्ट. बाहेरून हायड्रोजन लागत नाही, पण साखरेतला एक तृतीयांश कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो.

उत्प्रेरकांचा एक रस्ता आम्लातून जातो: सेल्युलोजचं लेव्युलिनिक आम्ल करायचं, मग रुथेनियम या धातूच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन देऊन गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन नावाचा द्रव. त्यापासून विमानाच्या इंधनात चालतील असे हायड्रोकार्बन (फक्त कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं) करता येतात, हे विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ड्युमेसिक यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं. पहिली पायरी मी घरच्या पेंढ्यावर करून पाहिली. ऑटोक्लेव्हचं (दाबाखाली तापवायच्या बंद भांड्याचं) झाकण काढलं की करपलेल्या गुळाचा वास येतो आणि आत भिंतीला काळा थर बसलेला असतो. हे ह्युमिन. साखर आम्लात तापली की त्यातली काही अशी वाया जाते. ॲसिटोननेही नीट सुटत नाही, खरवडूनच काढावं लागतं.

दुसरा रस्ता म्हणजे पेंढा हवेशिवाय ५०० अंशांच्या आसपास झटकन तापवायचा आणि वाफा झिओलाइटवरून (सूक्ष्म छिद्रांच्या खनिज उत्प्रेरकावरून) न्यायच्या. झिओलाइटच्या पांढऱ्या गोळ्या काळ्याकुट्ट होऊन बाहेर येतात. भट्टीत हवेवर जाळल्या की काजळी जाते, पण पेंढ्यातलं पोटॅश झिओलाइटवर बसलं तर ते जळून जात नाही. म्हणून पेंढा आधी पाण्याने धुतलेला बरा. पावसात भिजलेला पेंढा गुरं नाकारतात, इथे मात्र तोच चालतो.

चांगला कोरडा पेंढा मी तरी आधी गोठ्यालाच देईन. उरलेल्याचं इंधन करायचंच, तर ते ठाण्यातल्या रिक्षांसाठी नको. रिक्षा विजेवरही धावू शकते. उलव्याच्या नव्या विमानतळावरून लांब पल्ल्याचं विमान उडवायला मात्र अजून द्रवरूप इंधनच लागतं.