घाटात मंद होणारे दिवे आणि जुना डायनामो

प्रश्न : माझ्याकडे 1968 ची ॲम्बॅसडर मार्क टू आहे. नुकतेच तिला हॅलोजनचे हेडलाइट आणि दोन फॉगलॅम्प बसवून घेतले. पावसाळ्यात रात्री महाबळेश्वरचा घाट चढताना वायपर लावला, की दिवे पिवळे पडतात आणि डॅशखाली बसवलेल्या अमीटरचा काटा उणेकडे झुकतो. मोठी बॅटरी घातल्यास हे थांबेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : थांबणार नाही, गाडी अडायची ती थोडी उशिरा अडेल इतकेच. दोष बॅटरीत नसून आवक-जावकीच्या हिशेबात आहे. 55 वॅटचे दोन हेडलाइट सुमारे 9 अँपिअर ओढतात, तितक्याच वॅटचे फॉगलॅम्प आणखी 9, आणि इग्निशन कॉइल, वायपर, मागचे व डॅशचे दिवे धरून हा आकडा 28 च्या आसपास जातो. आपल्या गाडीतील ल्यूकासचा सी 40 डायनामो (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) पूर्ण वेगात फिरला तरी 22 अँपिअरच देतो, आणि ट्रकमागे रांगत चढताना किंवा इंजिन आयडलवर असताना तर जवळजवळ काहीच देत नाही. तूट बॅटरीतून भरली जाते. काटा तेच सांगतो आहे.

यावर खरा उपाय अल्टरनेटरच, म्हणजे डायनामोच्या जागी बसणारे आणि कमी वेगातही वीज देणारे यंत्र. 45 अँपिअरचा, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आतच असलेला अल्टरनेटर पुरेसा आहे. याहून मोठ्याच्या मोहात पडू नये, कारण एकाच पट्ट्याला पाण्याचा पंपही फिरवायचा असतो. डायनामोचे चार्जिंग आवरणारा जुना कटआउट डबा वायरिंगमधून बाजूला काढावा लागतो (डायनामो आणि डबा दोन्ही जपून ठेवा, भंगारात देऊ नका). अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत 10 चौरस मिलिमीटरची नवी वायर फ्यूजसह टाकावी. सगळा प्रवाह 30 अँपिअरच्या अमीटरमधून नेल्यास तो जळू शकतो, म्हणून त्या जागी व्होल्टमीटर बरा. चार्जिंगच्या दिव्यासाठी साधा बल्बच ठेवावा, कारण बहुतेक अल्टरनेटरना जागे करणारा प्रवाह त्याच्यातूनच जातो आणि एलईडी तेवढा जाऊ देत नाही. हेडलाइटना रिले (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीची वीज थेट दिव्याला जोडणारी खटकी) द्यावेत. जुन्या स्विचमध्ये वाया जाणारे व्होल्ट मग दिव्यात दिसतात.

त्याआधी एक गोष्ट मात्र स्वतः पाहा : बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे? त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत धन टोक अर्थ असे. तसे असेल तर प्रथम बॅटरी, कॉइल आणि रेडिओ यांच्या जोडण्या उलटवून घ्याव्या लागतील, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जोडताक्षणी जळून जातात.

काम झाल्यावर सगळे दिवे लावून, इंजिन थोडे रेस करून बॅटरीवर मोजा, 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळायला हवेत. आणि चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची टर्मिनल उपसण्याची आपल्या जुन्या मेकॅनिकांची जी सवय आहे, ती डायनामोला एकवेळ चालून जाई, अल्टरनेटरला मुळीच चालत नाही. गाडी सोडतानाच त्यांना हे बजावून ठेवा.