स्टीव्ह स्पर्रियर खेळाडू म्हणून मोठा की प्रशिक्षक म्हणून?

प्रशिक्षक म्हणून, माझ्या मते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, म्हणून 1966 ची हाइझमन ट्रॉफी (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) त्याने जिंकली, पण व्यावसायिक कारकीर्द बेताचीच. सॅन फ्रान्सिस्कोत बरीच वर्षं जॉन ब्रोडीचा राखीव, आणि 1976 मध्ये तो टँपा बेकडून खेळला, तेव्हा संघ 14 पैकी 14 सामने हरला.

प्रशिक्षक म्हणून ड्यूक विद्यापीठाला 1989 मध्ये एसीसी या कॉलेज संघांच्या गटाचं संयुक्त विजेतेपद मिळवून देऊन तो 1990 ला फ्लोरिडात परतला. त्या काळी फ्लोरिडाच्या गटात, एसईसीत, धावून खेळण्यावर भर असे. याने पासिंगचा सपाटा लावला आणि सहा एसईसी विजेतेपदं घेतली.

त्याचं डोकं बघायचं तर 1996 चा मोसम बघा. प्रतिस्पर्धी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक वर्फल याला तुडवून सामना 24-21 ने काढला. मोसमाअखेरच्या शुगर बोल सामन्यात पुन्हा गाठ पडली, तेव्हा स्पर्रियरने वर्फलला शॉटगनमध्ये, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या सेंटरपासून काही यार्ड मागे, उभं केलं. बचावफळी पोचेपर्यंत पास फेकायला तेवढी उसंत मिळाली. निकाल 52-20, आणि राष्ट्रीय विजेतेपद!

एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मात्र डाळ शिजली नाही: वॉशिंग्टनकडे दोन मोसमांत 12 विजय, 20 पराभव. पुढे साउथ कॅरोलायना विद्यापीठाला त्याने 2011 ते 2013 सलग तीन मोसमांत प्रत्येकी 11 विजय मिळवून दिले.