मुंज आणि आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन पुण्यात एकाच कार्यालयात, एकाच दिवशी ठेवलं तर गोंधळ होईल का?

होईल, पण तुम्हाला वाटतोय तिथे नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी कर्वे रोडच्या बाजूला हेच केलं, भाच्याची मुंज आणि माझ्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. वेळेचं गणित सोपं असतं हो, मुंजीचा मुहूर्त हलत नाही, आजोबांचा हलतो. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने, ते झाले की थोडं मागेपुढे आमच्या गुरुजींना तरी चाललं.

खरी पंचाईत माणसांची. माझी ताई बटूची आई, म्हणजे मातृभोजनाला तीच, पाहुण्यांना या-बसा म्हणायला तीच आणि आजोबांच्या औक्षणात सगळ्यात मोठी नात म्हणून पहिला मान पण तिचाच, त्यात साडी बदलायची. तेव्हा वेळापत्रक कार्यक्रमांचं नका करू, कोण कधी कुठे अडकलंय त्याचं करा. आम्ही मुहूर्त आणि जेवण यांच्यामध्ये आजोबांना बसवलं आणि भिक्षावळ जेवणानंतर ढकलली, मग ताईला जरा श्वास मिळाला.

दोन होम एका हॉलमध्ये अजिबात नको. एका होमानेच डोळे चुरचुरतात, आणि ८१ वर्षांच्या माणसाला त्या धुरात बसवायचं म्हणजे काय. आमचा शांतीचा होम आदल्या दिवशी घरीच उरकला, कार्यालयात फक्त औक्षण आणि गुळाची तुला. केटररला मात्र स्पष्ट सांगा की पाहुणे तेच आहेत, आमच्याने दोन कार्यं म्हणून पानं जवळजवळ दुप्पट धरली होती.

आणि हॉल बुक करताना, भाड्याच्याही आधी, हे विचारा की त्या दिवशी वरच्या मजल्यावर कोण आहे, जेवणाचा हॉल कॉमन आहे का आणि पार्किंग कसं वाटणार. आम्ही नाही विचारलं. वर कुणाचा तरी साखरपुडा होता, आमची मंगलाष्टकं सुरू झाली आणि वर स्पीकर सुरू झाला, गुरुजी बिचारे ओरडून म्हणत होते. दारावर नावाची पाटी एकच आणि ती पण त्यांची. आईचे मामा सरळ वर गेले, आहेराचं पाकीट नवऱ्या मुलाच्या हातात दिलं, वर "मोठा हो, खूप शिक" असा आशीर्वाद देऊन आले. पाकीट काही परत मागता आलं नाही, पण त्यांचा पेढ्यांचा बॉक्स मामांनी आणला होता, तो चांगला होता.