डोस नको म्हणणाऱ्या मुलीचे आधी ऐकून घ्यावे

सस्नेह नमस्कार.

आपण न्यू जर्सीहून पाठवलेले पत्र मिळाले. आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, वर्षभरापासून तिच्यावर ओरल इम्युनोथेरपी, म्हणजे तोच पदार्थ मोजून थोडा थोडा खायला देऊन शरीराला सवय लावण्याचा उपचार, सुरू आहे आणि आता ती रोज संध्याकाळी ३०० मिलिग्रॅम शेंगदाणा प्रथिनांचा, म्हणजे साधारण एका दाण्याएवढा, नेहमीचा डोस घेते, असे आपण लिहिले आहे. मागच्या आठवड्यात पुडिंगमध्ये कालवलेला तोच डोस कागदी रुमालात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलेला आपल्याला सापडला. आपण रागावलात, आणि ती रडत म्हणाली, ‘‘माझं रोज पोट दुखतं, पण सांगितलं की तू म्हणतेस नाटक करू नकोस.’’ आपल्या पतींचे म्हणणे उपचार बंद करावेत असे आहे, तर सोलापूरच्या सासूबाई म्हणतात की डिसेंबरच्या सुट्टीत मुलीला इकडे आणा, थोडी थोडी चटणी खाऊ घातली की सवय होईल. तिला डोस घ्यायला कसे लावावे, एवढेच आपण विचारले आहे. मला मात्र तिचे ते एक वाक्य आपल्या प्रश्नापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

सर्वांत आधी आपल्या डॉक्टरांना फोन करावा आणि त्यांनी सांगेपर्यंत घरी पुढचा डोस देऊ नये. तिने किती दिवस डोस टाकून दिला हे आपल्याला ठाऊक नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. या उपचारात शरीराची सहनशक्ती रोजच्या डोसावर टिकून असते. मध्ये खंड पडला तर काल पचलेली मात्रा आज अंगावर येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी मान्य केलेल्या शेंगदाण्याच्या पुडीच्या औषधाबाबत अशी सूचना आहे की लागोपाठ तीन किंवा अधिक दिवस डोस चुकला तर तो पुन्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करावा. म्हणून मुलीला शांतपणे विचारावे की असे किती वेळा झाले, आणि उत्तर खरे यावे यासाठी त्याबद्दल शिक्षा होणार नाही, हे तिला आधीच सांगावे.

आता पोटदुखीविषयी. पोटात दुखणे, मळमळणे, तोंडात किंवा घशात खाज सुटणे हे या उपचाराचे अगदी नेहमीचे त्रास आहेत, त्यामुळे ती नाटक करत असेल असे मला वाटत नाही. बहुतेक मुलांत हे त्रास सौम्य असतात. पण दुखणे रोजचे असेल, उलट्या होत असतील, घास गिळताना अडकल्यासारखे वाटत असेल किंवा ती जेवण टाळू लागली असेल, तर अन्ननलिकेला इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमुळे येणारी सूज डॉक्टरांना तपासावी लागते. काही मुलांना ती या उपचारादरम्यान होते आणि अशा वेळी डोस थांबवावा लागतो. दुखणे कधी सुरू होते, किती वेळ टिकते, डोसाआधी तिने काय खाल्ले होते, याची नोंद तिलाच तिच्या वहीत करू द्यावी. डॉक्टरांसमोर आपल्या आठवणीपेक्षा तिची वही अधिक उपयोगी पडेल.

पोट ठीक आहे असे निघाले, तरीही ‘नको’ शिल्लक राहू शकते. ज्या पदार्थापासून लांब राहा, त्याने जीव जाऊ शकतो, असे आपण तिला समजू लागल्यापासून सांगितले, तोच पदार्थ आता रोज गिळायचा आहे; त्याचा वास तिला नकोसा वाटला तर त्यात हट्ट कोणता? शिवाय डोसाच्या आधी आणि नंतर धावपळ नको, गरम पाण्याची अंघोळ नको, लगेच झोपणे नको, तापात घरच्या घरी डोस नको, या नियमांपायी तिचा संध्याकाळचा फुटबॉल सुटला, हे आपण पत्रात ओझरते लिहिले आहे. मला ते ओझरते वाटत नाही. सरावाचे दिवस आणि डोसाची वेळ यांची सांगड कशी घालता येईल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. सकाळी भरपेट न्याहारीनंतर डोस देण्याची मुभा काही मुलांना मिळते. चवीचा कंटाळा असेल तर पूड सफरचंदाच्या गरात किंवा दह्यात घालता येते, आणि या टप्प्यावर काही डॉक्टर पुडीऐवजी मोजून दिलेले खरे शेंगदाणे चालवतात. हा बदल मात्र आपल्या मनाने करू नये.

आपल्या पतींचा मुद्दाही बाजूला सारण्यासारखा नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वरच्याच पुडीच्या औषधाच्या ‘पॅलिसेड’ या मोठ्या चाचणीत सुमारे वर्षभराच्या उपचारानंतर ६७.२ टक्के मुलांनी ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा प्रथिने तीव्र त्रासाविना पचवली, तर ज्यांना नुसती बिनऔषधी पूड दिली होती त्यांच्यात हे प्रमाण ४ टक्के होते. हा फरक फार मोठा आहे. पण २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या आढाव्यात असेही दिसले की शेंगदाणे नुसते टाळणाऱ्यांपेक्षा उपचार घेणाऱ्यांमध्ये जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेचे, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसचे प्रसंग अधिक होते. त्याचे कारण उघड आहे, कारण ज्या पदार्थाने त्रास होतो तोच रोज पोटात जातो. नकळत पोटात गेलेल्या एखाद-दुसऱ्या दाण्याने मोठा प्रसंग ओढवू नये, एवढ्यासाठी हा उपचार आहे. अ‍ॅलर्जी बरी करण्याचे वचन तो देत नाही आणि तो चालू असतानाही शेंगदाणे टाळावेच लागतात. ज्या घरात ती भीती सतत मानगुटीवर असते तिथे हा सौदा परवडतो, जिथे रोजचा डोस हीच नवी भीती होऊन बसते तिथे तो परवडत नाही. उपचार थांबवणे हा पराभव नाही आणि चालू ठेवणे ही क्रूरता नाही. हा निर्णय डॉक्टरांच्या खोलीत, मुलीला समोर बसवून घ्यावा आणि तिचे मत सर्वांत आधी विचारावे. तो लगेच घेणे जमले नाही, तर पुढच्या तपासणीपर्यंतची मुदत तिला सांगून ठेवावी.

सासूबाईंचे म्हणणे तत्त्वतः फारसे चुकीचे नाही, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे. थोडे थोडे देऊन सवय लावणे हेच तर डॉक्टर करत आहेत. पण मिलिग्रॅम मोजून, मात्रा वाढवताना दवाखान्यात बसवून, तीव्र प्रतिक्रियेवर लगेच टोचायचे अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवून. चहाचा चमचाभर सोलापुरी शेंगा चटणीत तिच्या डोसाच्या तीन-चार पट प्रथिने सहज असतात. त्यात डिसेंबरात मार्गशीर्षातले गुरुवार असतील, म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि भगरीबरोबर दाण्याची आमटी. एरवीही कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, पोह्यांत आणि चिवड्यात दाणे असतातच. हल्ली अनेक घरांत आवडीने आणले जाणारे लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेलही तिला वर्ज्य मानावे, कारण रिफाइंड तेलातून जवळजवळ निघून गेलेली प्रथिने त्यात उरू शकतात.

तेव्हा तिकिटे पक्की करण्याआधी सासूबाईंना आपण नव्हे, आपल्या पतींनी फोन करावा. मुलाने आईला सांगितलेले कानाला वेगळे लागते, हे आपल्या घरांतले जुने सत्य आहे. तिच्या मुक्कामापुरते दाण्याचे कूट स्वयंपाकघरात नको, त्याऐवजी ओले खोबरे वापरू या, आणि तिच्यासाठी पोळी-भाजी वेगळ्या धुतलेल्या भांड्यांत करू या, अशी नेमकी विनंती करावी. ‘काळजी घ्या’ एवढे मोघम सांगून काहीच घडत नाही. अ‍ॅड्रेनॅलिनची पेन्स भारतात औषधांच्या दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून ती पुरेशी सोबत न्यावीत, प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूस ती कशी टोचायची हे सासू-सासऱ्यांना सरावाच्या पेनवर करून दाखवावे. प्रवासाच्या दिवशी डोसाचे काय करायचे, आणि साडेदहा तासांच्या वेळेच्या फरकाने तो कोणत्या वेळी द्यायचा, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

आपली स्नेही